सात कुलुपांच्या आतला माणूस

तीस वर्षं मी चिपळूणच्या एका कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते आहे आणि या तीस वर्षांत माझा पासपोर्टसुद्धा निघालेला नाही. देश का भांडतात आणि भांडण मिटतं ते कशाने, यावर जगातल्या मोठमोठ्या पंडितांनी काय म्हटलंय ते सगळं माझ्या एका पिवळ्या पडलेल्या वहीत आहे. पंडितांची नावं मी इथे घेणार नाही. नाव घेतलं की मुलं तेवढं नावच पाठ करतात आणि विचार पेपरात लिहायचा राहून जातो, हा माझा अनुभव आहे. तर ही वही पिशवीत घालून मी छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले. ज्यांना लवकरच जायचा योग नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

निमित्त वैशालीचं. ही माझी जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन तिकडे गेलेली. तिचा फोन आला, "मॅडम, आमच्याकडे तीन दिवस व्याख्यानं ठेवलीयत, तुमच्याच विषयावर. नाही म्हणू नका." ऐकायला कोण येणार, ते मी विचारलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी गावाबाहेर बोलावत होतं. विचारलं असतं तर कदाचित गेलेही नसते.

मुकुंदवाडी, गुरुवार

वैशालीने बजावलं होतं, मोठ्या स्टेशनावर उतरू नका, पुढच्या मुकुंदवाडीला उतरा, घर जवळ पडतं. मुकुंदवाडीचं स्टेशन एवढंसं आहे. मी उतरले तेव्हा फलाटावर मी, वैशाली आणि एक शेळी होती. शेळीला न्यायला कुणी आलं नव्हतं.

रिक्षात बसल्यावर वैशालीने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, आंघोळ करून निघालात ना?" आमच्या कोकणात पाहुण्याला आधी पाणी विचारतात. इथे पाण्याचा हिशेब विचारतात. नळाला पाणी कधी येईल ते कुणाला माहीत नसतं. आलं की ते आलं. मग माणूस जेवत असो, पूजेत असो, सगळं टाकून हंडे-बादल्यांकडे धावतो. "नळ आले की इथे बारसं अर्धवट राहतं," वैशाली म्हणाली. मला ती अतिशयोक्ती वाटली होती.

पुंडलिकनगरात पोचल्यावर कळलं की व्याख्यानमाला दोन अपार्टमेंटनी ठेवली आहे. एक वैशालीची 'सद्भावना', दुसरी शेजारची 'मैत्री'. दोघींच्या मधोमध एक बोअर, बोअरशेजारी एक खोली, खोलीत मोटर. त्या खोलीच्या दाराला एका कोयंड्यात सात कुलुपं होती.

"मॅडम, तुम्ही देशांची भांडणं शिकवता," वैशाली म्हणाली. ती सद्भावनाची सेक्रेटरी आहे. "ही तर दोन बिल्डिंगांची आहेत. म्हणून सगळ्यांनी तुमचंच नाव सुचवलं."

सगळ्यांनी म्हणजे तिने, आणि मैत्रीच्या सेक्रेटरीने विरोध केला नाही एवढंच. हे जाधव सर, बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं. ते पुढे आले आणि नमस्कार करून म्हणाले, "बगा मॅडम, आमची चार कुलुपं हायेत, त्यांची तीन. पण सुरुवात त्यांनी केली."

"दहा मिनिटांच्या संशयावरून पहिलं कुलूप कुणी घातलं?" वैशाली म्हणाली.

मग मला सगळा इतिहास कळला. सद्भावनाने मोटर जास्त चालवली असा मैत्रीला संशय आला. मैत्रीने खोलीला कुलूप घातलं. मैत्री एकटीच उघडेल म्हणून सद्भावनाने वर आपलं घातलं. ते पाहून मैत्रीने दुसरं घातलं. याला आमच्या शास्त्रात सुरक्षेचा पेच म्हणतात. एकाने भीतीपोटी केलेली तयारी दुसऱ्याला दादागिरी वाटते, म्हणून तो तयारी करतो, आणि ती पाहून पहिला आणखी घाबरतो. तीस वर्षं मी हे क्षेपणास्त्रांची उदाहरणं देऊन शिकवलं. इथे ते एका कोयंड्यावर लोंबकळत होतं. खरं सांगते, मला आनंद झाला. मी मोबाइलवर फोटो काढला.

फोटो काढत असताना खिडकीच्या गजांआडून कुणीतरी म्हणालं, "राम राम बाई."

मी वैशालीकडे पाहिलं. "ते खंडूमामा," ती म्हणाली. "आमचे वॉचमन. म्हणजे दोघांचे. दुपारी आत झोपले होते, तेव्हाच कुलुपं लागली."

"कधी?"

"रविवारी. आज पाचवा दिवस."

पुंडलिकनगर, शुक्रवार

कुणाला वाटेल की मग आरडाओरडा झाला असेल. तसं काही नव्हतं. ती वॉचमनचीच खोली. आत खाट, घोंगडी, मोरी, संडास सगळं. सकाळचा चहा मैत्रीकडून, जेवण सद्भावनाकडून, गजांतून. दार फोडायचं तर ते दोघांचं, म्हणून दोन्हीकडची सर्वसाधारण सभा हवी, आणि सभेला कोरम हवा. शिवाय एका किल्लीचे मालक किल्ली घेऊन पुण्याला मुलाकडे गेलेले. उरलेली सहा कुलुपं काढायला दोघेही तयार होते, फक्त आधी समोरच्याने काढायची.

सकाळी मी खिडकीशी गेले. खंडूमामा साठीचे असतील. घरची मेंढरं, भाऊ अजून राखतो, हे शहरात आले. पांढऱ्या मिशा, बोलणं कमी.

"बाई, तुमी लढाया मिटवता म्हनं."

"मिटवत नाही मामा, शिकवते."

"मंग तेच म्हंतो मी." त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले. "रईवारी माज्या सगुणाची सुपारी हाय. फुलंब्रीकडं. बाप नसला तर सुपारी कोन फोडल? पाव्हनं म्हनतील, बाप हाय का नाय पोरीला."

"तुम्ही या लोकांना सांगितलं का?"

"सांगितलं की. दोघं बी म्हन्ले, लई आनंद झाला."

संध्याकाळी पार्किंगमध्ये पहिलं व्याख्यान. डाव्या बाजूला सद्भावना, उजवीकडे मैत्री, मधे रिकाम्या खुर्च्यांची एक ओळ. मी वास्तववादापासून सुरुवात केली. अडीच हजार वर्षांपूर्वी एक हरलेला ग्रीक सेनापती होता, त्याने हद्दपारीत बसून युद्धाचा इतिहास लिहिला. मग एक इंग्रज, ज्याला भीती ही माणसाची मूळ गोष्ट वाटे. मग एक जर्मनीतून परागंदा झालेला प्राध्यापक. सगळ्यांचा सूर एक, की देशांच्या वर कुणी हवालदार नाही, म्हणून ज्याने त्याने आपली काठी जवळ ठेवावी. हे ऐकून त्यांना वाईट वाटेल आणि ते कुलुपं काढतील असा माझा अंदाज होता. झालं उलटंच. दोन्हीकडून टाळ्या पडल्या. जाधव सरांनी माझ्या टिपणांची झेरॉक्स मागितली. वैशाली माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, म्हणजे आपलं एक कुलूप कमीच पडतंय."

एक गोष्ट मला त्याच संध्याकाळी खटकली. पाण्याबद्दल कुणीच तक्रार करत नव्हतं. चहा घेताना मी जाधव सरांना विचारलं तर ते इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "खरं सांगू का मॅडम, बोअरचं इतकं टायमात पाणी आजवर कधीच नव्हतं." वैशालीच्या सासूबाईही तेच म्हणाल्या, त्याही हळूच. मोटरचं बटण आत, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह आत, आणि आत एकटे खंडूमामा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, अर्धा तास मैत्री, अर्धा तास सद्भावना, घड्याळ लावून. म्हणजे भांडणारे बाहेर होते आणि कारभार आत होता. दार उघडावं असं मनातून कुणालाच वाटत नव्हतं.

शहागंज, शनिवार

सकाळी मी उदारमतवाद वापरून पाहिला. हे पंडित म्हणतात की संस्था काढा, नियम करा, एकत्र बसा, हळूहळू विश्वास वाढतो. दोन्हीकडचे दोन दोन लोक घेऊन मी संयुक्त समिती काढून दिली. समितीची पहिली बैठक उत्तम झाली. इतिवृत्ताची वही घेतली, वही ठेवायला एक लोखंडी कपाट ठरलं, आणि कपाटाला दोन कुलुपं लावायचं एकमताने मंजूर झालं.

म्हणून वैशाली मला कुलुपं आणायला शहागंजात घेऊन गेली. कपाटाची दोन आणि 'आपलं' एक. मी तिला रागावले. तिने आधी मला नान-खलिया खायला घातला, मग रागवा म्हणाली. नान पिवळसर, फुगीर, उशीसारखा मऊ. खलिया मटणाचा, वर लाल तर्री. आमच्याकडे वड्यांबरोबर सागोती खाताना सोलकढी मदतीला असते, इथे तिखटाशी माणूस एकटा लढतो. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. त्या शहरात तेवढंच पाणी मला न मागता मिळालं.

कुलुपांचं दुकान रफिकभाईंचं. बोळातलं, छोटं, वडिलांपासूनचं. वैशालीने पत्ता सांगितल्यावर ते म्हणाले, "वो सात कुलुपवाली खोली? चार जाधवसाबने लेके गए, तीन आप." आणि आठवं द्यायला त्यांनी चक्क नकार दिला. "नै ताई. एका कोयंड्याला आठ म्हणजे कोयंडाच तुटेल, आणि नाव माझ्या मालाचं खराब होईल. अंदर वो बुढ्ढा आदमी है ना? खाना खाया क्या वो?"

सात कुलुपं विकणाऱ्या माणसानेच पहिल्यांदा हे विचारलं होतं. मला बरं वाटलं नाही. गुरुवारपासून मी त्या दाराचे नऊ फोटो काढले होते.

आम्ही निघताना रफिकभाई माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, धंदे की एक बात बताऊं? कुलुप सब देखते. बिजागरी कोई नै देखता."

आल्या आल्या मी खिडकीशी गेले. "मामा, दाराच्या बिजागऱ्या कुठल्या अंगाला आहेत?"

खंडूमामा म्हणाले, "आतल्या. तीन हायेत. खिळं वढलं की निघत्यात. पयल्याच दिवशी बघितलं म्या."

"मग बाहेर का नाही आलात?"

"मोटर कोन चालवील? आन खिळं आतून परत कोन घालील? दार कललं की समद्यांला दिसंल, मंग पुन्ना नव्यानं भांडन." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कोनी एक मानूस आत बसाया पायजे. ह्यांच्यातला नगं. बाहेरचा."

मी म्हटलं, मामा, उद्या दहा वाजता माझं समारोपाचं व्याख्यान आहे. ते म्हणाले, व्हय, मला ठावं हाय.

संध्याकाळी मी शेवटचा उपाय म्हणून रचनावाद सांगितला. हे नवे पंडित म्हणतात की वैर हे लोखंडात नसतं, समजुतीत असतं. समजूत बदला, कुलूप आपोआप निरर्थक होतं. मैत्रीतले एक आजोबा उभे राहून म्हणाले, "लई पटलं मॅडम. मंग समजूत बदलू की. कुलुपं राहू द्या." ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला.

माझी वही संपली होती. तीस वर्षांत ती कधी संपली नव्हती.

पुंडलिकनगर, रविवार

साडेनऊला पार्किंग भरलं. हार, फुलं, समई. समई कुणी लावायची यावर दोन्ही बाजूंचं बोलणं चालू होतं. मी कडक इस्त्रीची साडी नेसून, वही घेऊन बसले होते. समोर खोलीचं दार, गजांआड खंडूमामांच्या मिशा. माझं लक्ष भाषणात नव्हतं. फुलंब्रीकडे एक मुलगी नव्या साडीत बसली असेल आणि दर पाच मिनिटांनी वाटेकडे बघत असेल, एवढंच मला दिसत होतं. मला फार लाज वाटली.

आणि वरून कुणीतरी ओरडलं, "नळ आले."

वैशालीने सांगितलं होतं त्यात अतिशयोक्ती नव्हती. अर्ध्या मिनिटात पार्किंगमध्ये मी, समई आणि हार उरलो. जाधव सरांची एक चप्पलसुद्धा मागे राहिली. मी उठले आणि दाराशी गेले.

"मामा, खिळे ओढा."

दार कुलुपांच्या बाजूला लटकून दीड वीत उघडलं. मामा त्यातून सळसळत बाहेर आले. अंगात धुतलेला शर्ट, डोक्याला कोरा पटका. सकाळपासून तयार होऊन बसले होते. मी काही सळसळत आत गेले नाही, मला कोंबावं लागलं. इस्त्री तिथेच संपली. बाहेरून त्यांनी दार उचलून धरलं, आतून मी तीन खिळे घातले.

"बाराला मैत्री, साडेबाराला सद्भावना," ते गजांतून म्हणाले. "लाल चिंधीवाला व्हॉल्व्ह मैत्रीचा. संध्याकाळी पाचला पुन्ना तसंच. घोंगडं खिडकीला टांगा. येतो बाई." आणि ते रिक्षाच्या दिशेने गेले. पळत नाही, पण माझ्याच्याने गाठता आलं नसतं इतकं भरभर.

हंडे भरून मंडळी परत आली तेव्हा वक्त्या गायब होत्या. घोंगडीआडून मला सगळं ऐकू येत होतं. आधी पाच मिनिटं दोन्हीकडचे एकमेकांना दोष देत होते. तुम्ही पळवलं, तुम्ही लपवलं, आमच्या पाहुण्या, खर्च अर्धा आमचा. मग हळूहळू काळजी लागली. मग शोधाशोध. सद्भावनाचे लोक मैत्रीच्या गच्चीवर गेले, मैत्रीचे सद्भावनाच्या. कितीतरी वर्षांनी ते एकमेकांच्या जिन्यात चढत होते म्हणे. जाधव सर मोठ्याने म्हणाले, "तुमच्या जिन्याला रेलिंग फार चांगलं हाय हो."

मग पावलं खिडकीशी आली. वैशालीचा आवाज. "मामा, मॅडम दिसल्या का?"

मी खाकरले आणि जमेल तितक्या जाड आवाजात म्हटलं, "नाय."

माझं तीस वर्षांतलं सगळ्यात छोटं व्याख्यान तेच. मग वैशाली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मामांनी नाही पाहिलं." दुपारी गजांतून ताट आलं. खंडूमामांना रोज भाकरी असायची. त्या दिवशी ताटात भाताचा डोंगर होता, वर वरण आणि शेजारी वाटीभर ताक. "मामा, आज कोकणात खातात तसा भात जास्त घातलाय," ती म्हणाली आणि गेली.

बाराला मी लाल चिंधीचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी घरघरत वर गेलं. साडेबाराला बंद केला, दुसरा उघडला. पुन्हा पाचला. मधल्या वेळात खाटेवर बसून वही वाचायचा प्रयत्न केला आणि मिटून ठेवली. माझे सगळे पंडित उंचावरून बघणारे. नकाशावर हात ठेवून बोलणारे. त्यांतल्या एकानेही मोटरच्या खोलीत बसून लिहिलेलं नाही. शांतता असते तेव्हा ती कुणीतरी आत बसून चालवत असतं, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी, एका खाटेवर, भात खाताना कळलं.

सहाच्या सुमाराला दोन्ही बिल्डिंगा माझ्यासाठी तातडीची सभा घ्यायला मैत्रीच्या गच्चीवर जमल्या होत्या. पहिल्यांदाच कोरम झाला होता. खाली सामसूम. गजांवर टकटक झाली. मी घोंगडी सरकवली. मामांच्या कपाळाला कुंकू, हातात साखरेची पुडी.

"फुटली सुपारी?"

"फुटली. पाव्हनं लई चांगलं हायेत. पोरगी आधी रडली, मंग हसली." त्यांनी गजांतून माझ्या हातावर साखर ठेवली. मी ती खाल्ली आणि मलाही जरा रडू आलं. मग मी खिळे ओढले आणि कशीबशी बाहेर पडले.

"मामा, आता आत जाऊ नका," मी म्हटलं. "इथेच बसा दारासमोर. बघू देत सगळ्यांना. मी बोलते त्यांच्याशी."

ते दार धरून उभे राहिले. "बाई, बाहेर आलो की दोघं बी इचारतील, तू कुनाचा. आत हाय तवर कोनी इचारत नाय." आणि ते वाकून आत गेले. मी दार उचलून धरलं. एक, दोन, तीन, खिळे बसल्याचा आवाज आला. बाहेरून सात कुलुपं जशीच्या तशी होती.

मी गच्चीवर गेले. कुठे होतात, कुठे होतात, सगळे उठले. मी म्हटलं, क्षेत्रभेटीला गेले होते. हे उत्तर सर्वांना अभ्यासपूर्ण वाटलं.

चिपळूण

निरोप द्यायला मुकुंदवाडीच्या फलाटावर वैशाली आणि जाधव सर एकाच रिक्षातून आले. जाधव सरांनी भाडं दिलं आणि वैशालीने ते देऊ दिलं. माझ्या मते दौऱ्याचं एवढंच राजकीय फलित.

इकडे आल्यावर मी नवी वही घातली आहे. पहिल्या पानावर अजून फक्त दाराचं चित्र आहे, आतल्या बाजूने काढलेलं.

परवा टपालाने लग्नपत्रिका आली. सगुणाचं लग्न. पाकिटावर वैशालीचं अक्षर, आत खाली पेन्सिलीने मामांनी सांगितलेला मजकूर, की चार दिवस लागतील, बाई, जमवा. सगळ्या पाहुण्यांत लग्नाला न जाण्यासाठी बोलावलेली मी एकटीच असेन. मी चार दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. प्राचार्यांनी विचारलं, कुणाचं लग्न. मी म्हटलं, जवळचंच आहे.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा आहे. तिकडे अक्षता पडत असतील तेव्हा मी लाल चिंधीचा व्हॉल्व्ह बंद करून दुसरा उघडत असेन.